आलेख जुळला, मग?

मी ज्योतींचं गणित करते. जर्मनीत, डुइसबुर्गला, राईन आणि रुर या नद्या जिथे मिळतात त्या शहरात. तळमजल्यावर प्रयोगशाळा आहे. तिथे बर्नर, गॅसच्या नळ्या, लेझर आणि कानाला सतत लागून राहणारा पंख्यांचा आवाज. वरच्या मजल्यावर आम्ही, पडद्यासमोर बसणारी मंडळी. खालचे लोक ज्योत पेटवतात आणि तिच्यातून निघणारी पूड गाळणीवर धरतात. टायटानियाची, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची, पांढरी, लोहाच्या ऑक्साइडची तांबूस. त्या पुडीतला एकेक कण साधारण ५ ते २० नॅनोमीटरचा. तीच ज्योत संगणकात पेटवायची आणि कण कसा जन्मला, कसा वाढला, कुठे थांबला ते सांगायचं, हे आमचं काम. इतकी वर्षं ते केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आमचा आकडा प्रयोगाच्या आकड्याशी जुळवणं फारसं कठीण नसतं. तो कशामुळे जुळला, हे सांगता येणं कठीण असतं.

ज्योतीत कण बनवण्याची विद्या जुनी आहे. दिव्यावर उपडी वाटी धरून जे काजळ धरलं जातं तेही कार्बनचे नॅनोकणच. टायरमध्ये भरतात तो कार्बन ब्लॅक म्हणजे हीच गोष्ट कारखान्यात, टनांच्या हिशोबाने. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तो बनतो. १९४०च्या दशकात जर्मनीतल्या देगुसा कंपनीत हॅरी क्लोपफर या रसायनतज्ज्ञाने सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून सिलिकाची धुक्यासारखी हलकी पूड बनवली. औषधाच्या गोळीच्या पाकिटावर घटकांच्या यादीत ‘कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड’ असं लिहिलेलं दिसतं, ती ही पूड. गोळ्यांचं मिश्रण यंत्रातून मोकळं वाहावं म्हणून ती घालतात. भिंतीच्या रंगातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्याची एक मोठी पद्धत म्हणजे टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ तापलेल्या ऑक्सिजनमध्ये जाळणं. केरळात कोल्लमजवळ चवऱ्याला असा कारखाना आहे आणि त्याला लागणारी इल्मेनाइटची काळी वाळू तिथल्याच किनाऱ्यावरची. तसली वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

तर उत्पादन आधीपासून चालूच होतं. नेमकं आत काय होतं, ते समजून घेण्याची धडपड मागाहून आली.

आत जे घडतं त्याचा वेग आधी लक्षात घ्यायला हवा. टायटानियासाठी आम्ही बहुतेकदा टायटॅनियम टेट्राआयसोप्रोपॉक्साइड वापरतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं ‘टीटीआयपी’ म्हणतात. हा द्रव ज्योतीत शिरला की त्याचा रेणू फुटतो आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे रेणू मोकळे होतात. टायटानियाला ज्योतीच्या तापमानालाही वाफ होऊन राहणं जमत नाही, म्हणून हे रेणू लगेच एकमेकांना धरतात. झुंबड इतकी असते की एका घनसेंटिमीटरमध्ये एक लाख कोटी कण सहज असतात. ५ नॅनोमीटरचे कण एवढ्या गर्दीत असले, तर एक-दोन मिलिसेकंदांत आदळून-चिकटून त्यांची संख्या निम्मी होते. कण तापलेले असेपर्यंत चिकटलेले दोन कण वितळल्यासारखे एकमेकांत मिसळून पुन्हा एक गोल कण होतो. पुढे वायू थंड झाला की कण आदळतात, चिकटतात, पण एकजीव होत नाहीत. मग मण्यांचे वेडेवाकडे, फांद्या फुटल्यासारखे पुंजके तयार होतात. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागांत आटोपतं. १० नॅनोमीटरच्या एका कणात टायटॅनियम डायऑक्साइडचे सुमारे १५ हजार रेणू असतात. ते कुठून कसे एकत्र आले, याचा मागमूस त्या कणावर राहत नाही.

हे संगणकात बसवायचं कसं? ज्योत दहा-पंधरा सेंटिमीटर उंच आणि कण तिच्या कोटी पटीने लहान. एकेका कणाचा माग ठेवणं अशक्य. म्हणून आम्ही कणांची लोकसंख्या मोजतो. या आकाराचे किती, त्या आकाराचे किती, आणि दर क्षणाला कोण कुठल्या गटातून कुठे गेलं. या हिशोबाचं मूळ समीकरण मारियान स्मोलुखोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाचं, १९१६-१७ सालचं. ते त्याने द्रवातल्या कणांसाठी मांडलं. त्याच काळात, १९१७ मध्ये, क्राकूवला हगवणीने तो गेला, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याचं समीकरण मात्र ढग, दूध, धूर, सगळीकडे चालतं.

समीकरण मांडणं एक आणि संगणकाला झेपेल असं करणं दुसरं. आकारांचे खाने पाडले की दोन कण चिकटून तयार झालेला नवा कण नेमका कुठल्याच खान्यात बसत नाही, दोन खान्यांच्या मध्ये पडतो. तो नुसता जवळच्या खान्यात ढकलला तर कणांची संख्या किंवा वस्तुमान, काहीतरी गळतं. संजीव कुमार आणि डी. रामकृष्ण यांनी १९९६ मध्ये यावर उपाय दिला. नवा कण दोन्ही खान्यांत अशा प्रमाणात वाटून द्यायचा की संख्याही राहील आणि वस्तुमानही. आमच्या कोडमध्ये आजही ही वाटणी आहे. लोकसंख्येच्या या गणितावरचं जगभर वाचलं जाणारं पुस्तक लिहिणारे रामकृष्ण हे मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीचे १९६०चे पदवीधर. मी माटुंग्यालाच शिकले, त्यामुळे कोडच्या त्या ओळीशी आले की मला उगीच आपलेपणा वाटतो.

खळबळत्या, पिसाट ज्योतीसाठी मात्र खाने परवडत नाहीत. गणितासाठी ज्योतीची जागा छोट्या पेशींच्या ग्रिडमध्ये कापतात आणि अशा पेशी काही कोटी असतात. प्रत्येक पेशीत तीसचाळीस खाने ठेवले तर क्लस्टरवरचा रन संपेपर्यंत प्रयोग करणारा विद्यार्थी पीएचडी घेऊन निघून जाईल. तिथे आम्ही क्रुइस, प्रात्सिनिस आणि सहकाऱ्यांचं १९९३चं मॉडेल वापरतो. त्यात प्रत्येक पेशीत तीनच आकडे असतात: कणांची संख्या, एकूण आकारमान, एकूण पृष्ठफळ. सगळे कण एकाच मापाचे मानायचे आणि पुढे जायचं. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण खोटं कुठे बोललो हे ठाऊक असेल तर असं मॉडेल फार कामाचं असतं.

आता ‘जुळण्या’बद्दल. पुण्याहून एक मुलगा आमच्याकडे इंटर्नशिपला आला होता. हुशार आणि उत्साही. त्याला मी एक सोपी सपाट ज्योत दिली होती, जिचं गणित लॅपटॉपवर होतं. एके दिवशी तो जवळजवळ धावतच माझ्या टेबलापाशी आला.

“ताई, जुळलं! एक्स्पेरिमेंटचे सगळे पॉइंट लाइनवर बसलेत.”

“छान. आता टीटीआयपी फुटण्याचा रेट दहाने भाग आणि परत रन लाव.”

“पण मग बिघडेल ना?”

“बिघडलं तर बरंच आहे.”

थोड्या वेळाने तो परत आला, तो जरा पडलेल्या चेहऱ्याने. दहाने भागलं तरी शेवटचा आकार जागचा फारसा हलला नव्हता. मग त्यानेच हौसेने दहाने गुणूनही पाहिलं होतं. तरी फरक मोजमापाच्या अचूकतेच्या आतच. “ताई, मग आपण एवढी केमिस्ट्री घातली कशाला?” त्याने विचारलं. या क्षेत्रात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे.

उत्तर स्मोलुखोव्स्कीच्या समीकरणातच आहे. टकरींचा वेग ठराविक धरला तर ते कागदावर सोडवता येतं. वेळ बराच गेला की कणांची संख्या किती उरली, याच्या उत्तरातून सुरुवातीची संख्या गळून पडते. उरतात फक्त टकरींचा वेग आणि गेलेला वेळ. लाख कणांनी सुरुवात करा की कोटींनी, शेवट तोच. आकारांच्या विभागणीचंही तसंच. शेल्डन फ्रीडलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून दाखवलं की पुरेसे आदळून झालेले कण स्वतःहून एकाच घाटाची विभागणी धारण करतात. नॅनोकणांच्या बाबतीत तिचा पसारा, म्हणजे भौमितिक प्रमाण विचलन, सुमारे १.४६ येतं, जन्म कसाही झालेला असो. थोडक्यात, कण आपला जन्म विसरतात. मग शेवटचा आकार जुळला म्हणून जन्माचं रसायनशास्त्र बरोबर, असं म्हणायला आधार काय?

पुंजक्यातल्या एकेका मण्याचा व्यास किती, याची कथा आणखी गंमतशीर आहे. तो ठरतो टकरी आणि एकजीव होणं यांच्या शर्यतीत. कॉख आणि फ्रीडलँडर यांनी १९९० मध्ये याचं साधं समीकरण दिलं. दोन कणांना एकजीव व्हायला किती वेळ लागतो, याचं टायटानियासाठी सर्रास वापरलं जाणारं सूत्र व्यासाच्या चौथ्या घातावर चालतं. व्यास दुप्पट, तर वेळ सोळापट. तापमानाचा परिणाम त्याहून तीव्र. १८०० आणि १९०० केल्व्हिन यांत फरक शंभराचाच, पण एकजीव होण्याचा वेग सुमारे अडीचपट वाढतो. ज्योतीत तापमान मोजताना पन्नास-शंभर अंशांची चूक काही नवलाची नाही, मग आमचं सगळं गणित कोसळायला हवं. कोसळत नाही, कारण चौथा घात उलटा वाचला की चौथं मूळ होतं. वेगात अडीचपट चूक झाली तरी व्यासात ती जेमतेम पाव हिश्श्याने दिसते. १२ नॅनोमीटरच्या जागी १५ येतात. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर माणूस बसून शेकडो कणांभोवती वर्तुळं काढतो, तेव्हा ‘१३, अधिक-उणे २’ असा आकडा मिळतो. १२ही त्यात, १५ही त्यात. चूक चौथ्या मुळाखाली मुकाट झाकली जाते आणि शोधनिबंधात लिहिलं जातं: मॉडेल आणि प्रयोग यांचा उत्तम मेळ.

मी ही वाक्यं शेकडो वाचली आहेत. त्यात लबाडी नसते. निसर्गच इथे इतका क्षमाशील आहे की चुकीच्या मॉडेललाही पास करतो.

मग खरी परीक्षा कुठे? ज्योतीच्या आत, वाटेत. लोहाची गोष्ट सांगते. आयर्न पेंटाकार्बोनिल घातलेल्या, कमी दाबाच्या हायड्रोजनच्या ज्योतीचा अभ्यास इस्रायल आणि डुइसबुर्ग इथल्या संशोधकांनी मिळून केला. समजूत अशी की आधी ज्योत, मग तिच्या पुढे, गरम वायू हळूहळू निवताना कण. ज्योतीच्या आतून, बर्नरपासून वेगवेगळ्या उंचीवरून नमुने ओढून पाहिले तर वेगळंच निघालं. ज्योतीच्या अलीकडे, तुलनेने थंड भागातच कण होते. ज्योत ओलांडताना ते नाहीसे झाले आणि पलीकडे पुन्हा नव्याने तयार झाले. म्हणजे कण दोनदा जन्मले. गाळणीवर जमलेल्या तांबूस पुडीला यातलं काहीच माहीत नाही. पुडीचा आकार बरोबर सांगणारं मॉडेल हे पहिले कण साफ विसरलेलं असू शकतं आणि कुणाला संशयही येणार नाही. ते मोजमाप समोर आलं तेव्हा मॉडेल करणाऱ्यांना लोहाच्या गुच्छांचं, त्यांच्या बाष्पीभवनाचं आणि जळण्याचं रसायनशास्त्र नव्याने मांडावं लागलं. माझ्या मते त्या ज्योतीबद्दलचं आमचं ज्ञान त्या दिवशी वाढलं, जुळणाऱ्या आलेखांनी नव्हे.

अर्थात आतून मोजणं म्हणजे तरी काय? ज्योतीत नळी घालायची आणि थोडा वायू ओढून घ्यायचा. नळी ज्योतीला थंड करते, प्रवाह वळवते, आणि नळीतून जाताना कण एकमेकांवर आदळतच राहतात. त्यासाठी नमुन्यात झटकन थंड वायू मिसळून गर्दी पातळ करतात. तरी नळीच्या टोकापाशी जे घडतं ते मूळ ज्योतीत घडत नसतं. म्हणून आता आम्ही नळीसकट ज्योतीचं गणित करतो. खालच्या मजल्यावरच्या तंत्रज्ञाला याची गंमत वाटते. तो म्हणतो, “तू माझ्या चुकांचंही मॉडेल करतेस.” मी म्हणते, “त्या कळल्याशिवाय माझ्या कशा कळणार?” या संभाषणातला विनोद सोडला तर काम असंच चालतं. वरच्या मजल्याने खाली उतरायचं, नळी कुठे धरली, गाळणी कितव्या मिनिटाला बदलली, त्या दिवशी ज्योत फडफडत होती का, हे विचारायचं. संगणकात ज्योत कधीच फडफडत नाही, म्हणून विचारायचं.

दुसरा उपाय सगळ्यांनी मिळून करायचा. जर्मनीत २०१७ मध्ये फवाऱ्याच्या, म्हणजे द्रावण फवारून पेटवलेल्या, ज्योतींवर एक मोठा संशोधन कार्यक्रम सुरू झाला. त्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम म्हणजे एक प्रमाणित बर्नर, ‘स्प्रेसिन’. डुइसबुर्ग, ब्रेमेन आणि इतर प्रयोगशाळांत तोच बर्नर, त्याच मापाचा, त्याच प्रवाहांवर: मिनिटाला २ मिलिलिटर द्रावण, त्याला फोडणारा १० लिटर ऑक्सिजन, भोवती छोटी आधारज्योत. पूर्वी प्रत्येक गटाचा बर्नर निराळा, त्यामुळे प्रत्येकाचं मॉडेल फक्त स्वतःच्या ज्योतीशी जुळायचं. आता एक जण तापमान मोजतो, दुसरा थेंबांचा आकार, तिसरा कणांचा. मॉडेलला सगळ्यांशी एकाच वेळी जुळावं लागतं. एका आकड्याची समजूत काढता येते, सहा आकड्यांची एकदम काढणं महाकठीण.

त्या फवाऱ्यात आणखी एक कोडं आहे. आयर्न नायट्रेट नुसत्या इथेनॉलमध्ये विरघळवून फवारलं तर बारीक कणांबरोबर काही धिप्पाड कणही येतात, शंभर नॅनोमीटरच्या पुढचे. काही लोह वाफ न होता थेंबातच सुकून राहतं. द्रावणात २-इथाइलहेक्झॅनोइक आम्ल घातलं की पेटलेला थेंब आतून फुटतो, लोह वायूत मिसळतं आणि ते मोठे कण बरेच कमी होतात. थेंब फुटण्याचं हे चित्रण ब्रेमेनच्या प्रयोगशाळेत झालं. तीन आकड्यांच्या आमच्या मॉडेलमध्ये सगळे कण एकाच मापाचे, त्यामुळे दोन जातींच्या या पुडीपुढे ते मुळातच हात टेकतं. ते हात टेकतं तिथेच पुढच्या कामाची दिशा कळते.

हा सगळा काटेकोरपणा नुसती संशोधकांची हौस आहे का? उद्योगातली माणसं आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न एकच असतो: तासाला काही ग्रॅमचं हे काही किलोवर कसं न्यायचं? झुरिकला प्रात्सिनिस यांच्या गटाने २००३ मध्ये फवाऱ्याच्या ज्योतीतून तासाला १.१ किलोपर्यंत सिलिका काढून दाखवली होती, म्हणजे ते अशक्य नाही. पण ज्योत मोठी केली की ती हळू निवते. कण जास्त वेळ गरम राहतात. व्यासात फरक थोडा पडेल, चौथं मूळ तिथेही सांभाळून घेईल. गिऱ्हाइकाला मात्र व्यासाहून दुसरीच गोष्ट हवी असते. पुंजके दळून सुटतील का? मण्यांमधले जोड कच्चे असले तर सुटतात, ज्योतीतच पक्के झाले तर काही केल्या सुटत नाहीत आणि रंगात, बॅटरीत, औषधात ती पूड निकामी ठरते. जोड कच्चा की पक्का, हे ठरतं कणाच्या वाटचालीवर: एकजीव होणं कधी थांबलं आणि आदळणं त्यानंतर किती वेळ चाललं. लहान ज्योतीवर फक्त शेवटचा व्यास जुळवून घेतलेलं मॉडेल या प्रश्नावर ठाम उत्तर देतं. ते उत्तर बरोबर असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

म्हणून रसायन किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या, मॉडेलिंगकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. आलेख जुळला की आनंद जरूर करा, मग गणितातली महत्त्वाची राशी दहापट बिघडवा. आलेख तरीही जुळत असेल तर तुम्ही त्या राशीबद्दल काहीच सिद्ध केलेलं नाही, आणि हे आपल्या निबंधात स्पष्ट लिहा. कोणतं मोजमाप केलं तर तुमचं मॉडेल खोटं ठरू शकेल, ते शोधा आणि प्रयोग करणाऱ्याकडे तेच मागा. पुण्याच्या त्या मुलाने अहवालात शेवटी हेच केलं. जुळलेल्या आलेखाशेजारी त्याने न हललेले दोन आलेख छापले आणि खाली लिहिलं की शेवटच्या आकारावरून या अभिक्रियेचा वेग ठरवता येत नाही. आमच्या क्षेत्रात याहून उपयोगी निष्कर्ष फार थोडे निघतात.